मातीवर सोलापूरची वीण

सोलापुरात कुंभाराच्या लेकीचं लग्न दरवर्षी लागतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सिद्धेश्वर तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक दाटीनं उभे असतात, सात नंदीध्वज येऊन थांबतात आणि अक्षता पडतात. नवरदेव म्हणजे योगदंड. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्न करायचं म्हणून हट्ट धरला. त्यांनी आपला योगदंड पुढं केला, अशी कथा. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या करतात, तिला शालू नेसवतात आणि अग्नी देतात. गावाच्या सगळ्यात मोठ्या यात्रेच्या केंद्रस्थानी मातीकाम करणाऱ्या घरातली पोर आहे, हे सोलापूरकर इतकं गृहीत धरतो की त्याचं त्याला काही वाटत नाही.

एरवी मात्र हे गाव मातीचं म्हणून कुणी ओळखत नाही. ओळख आहे ती सुताची. 1877 साली मोरारजी गोकुळदासांची ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ म्हणजे आपली जुनी मिल उभी राहिली, तिच्या मागोमाग बाकीच्या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भाग वसवला, आणि चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंनी गावाचं नाव देशभर नेलं. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माग एका बाजूला, चाक दुसऱ्या बाजूला. संक्रांतीची सुगडं, नवरात्राचे घट, बेंदराचे बैल, दिवाळीच्या पणत्या एवढ्यापुरतं चाकाचं काम, आणि ते झालं की मंडळी आपापल्या वाटेला. विणकराच्या घरात मडकं होतं, कुंभाराच्या घरात चादर होती, पण एकाचा धंदा दुसऱ्याच्या धंद्यात कधी शिरला नाही.

तो आता शिरू शकतो, असं मला वाटतं, आणि त्याला निमित्त एका अगदी किरकोळ वस्तूचं आहे. हाताच्या पंजाएवढा, वाकवला तर वाकणारा, सोडला की सरळ होणारा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर नक्षी कोरलेली असते. मातीची पोळी लाटायची, तुकडा पालथा घालायचा, वरून लाटणं फिरवायचं आणि कोपरा धरून सोलून काढायचा. खाली नक्षी उमटलेली असते. गेल्या काही वर्षांत टेराकोटाचे दागिने, दारावरच्या पाट्या, ट्रे, पणत्या करणाऱ्या घरोघरच्या बायका-मुलींच्या हातात हे छाप आले आहेत. कुणी खरी माती वापरतं, कुणी हवेत वाळणारी तयार माती, कुणी पॉलिमर क्ले. ही शेवटची खरं तर माती नाहीच. ते पीव्हीसीचं मिश्रण असतं आणि घरच्या ओव्हनमध्ये साधारण 130 अंशांवर पक्कं होतं.

छाप मऊ असण्यात एवढं काय आहे? बरंच काही. लाकडाचा किंवा पितळेचा ठसा मातीवर दाबला की तो सगळा एकदम दाबला जातो आणि उचलताना सगळा एकदम उचलावा लागतो. मध्ये हवा अडकते, ठसा मातीला ओढून घेतो, नाजूक रेघा ठशाबरोबर वर येतात. शिवाय कठीण ठसा सपाट असतो आणि मडकं गोल. गोलाईवर सपाट ठसा टेकतो तो एका रेघेत, कडा अधांतरी राहतात. मऊ छाप मात्र गोलाईला गुंडाळला जातो आणि निघताना एका कडेपासून हळूहळू सुटतो. एका वेळी एका रेघेएवढीच माती मोकळी होते, त्यामुळे ओढ कमी. नक्षीत आत वळलेला खळगा असेल, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट मोठं, तर कठीण ठसा त्यात अडकून बसतो. मऊ ठसा थोडा ताणून बाहेर येतो.

अर्थात मऊपणाचे तोटेही आहेत, आणि नवशिक्याला पहिल्या दिवशी तेच भेटतात. बोटांनी दाबला की जिथं बोट तिथं खोल आणि बाकी उथळ, सगळा पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. म्हणून वरून लाटणंच फिरवावं, तेही एकदाच आणि एकाच दिशेनं. परत मागं आणलं की छाप केसभर सरकतो आणि नक्षी दुहेरी उठते. माती फार ओली असेल तर ती रेघांत शिरून बसते, फार सुकली असेल तर कडांना चिरते. मधली वेळ ओळखायची खूण अशी की बोट लावलं तर ठसा उमटावा, पण बोटाला माती लागू नये. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही वेळ पंख्याखाली बघता बघता निघून जाते. मातीवर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कमचा हलका हात फिरवला की छाप सहज सुटतो. पॉलिमरला पाण्याचा फवारा पुरतो. आणि छाप उठल्यावर काम संपत नाही, कारण खोल रेघांपाशी पोळी पातळ झालेली असते आणि वाळताना तडा तिथूनच जातो. कापड झाकून सावलीत, हळू वाळवणं एवढाच त्यावर उपाय.

एवढं तंत्र. आता तक्रार. हे छाप बाजारात ज्या नक्षीचे मिळतात ती बघा. गुलाब, युरोपातली लेस, ओकची पानं, फुलपाखरं आणि हल्ली सगळीकडे तीच ती गोल मंडलं. सोलापुरातली मुलगी सोलापुरातल्या मातीवर ओकचं पान उठवते. तिनं ओकचं झाड आयुष्यात पाहिलेलं नसतं. मंगळवेढ्याच्या शाळू ज्वारीचं भरलेलं कणीस तिच्या घरी पोत्यानं येतं. ते मातीवर लाटून बघायचं मात्र कुणी सुचवत नाही.

गंमत अशी की वाकणारा छाप ही सिलिकॉनवाल्यांची कल्पनाच नाही. माणसानं मातीवर उठवलेल्या अगदी जुन्या नक्ष्यांमध्ये दोरीच्या आणि चटईच्या नक्ष्या आहेत. जपानमध्ये दहा हजार वर्षांहून जुन्या जोमोन भांड्यांवर पीळ दिलेली दोरी ओल्या मातीवरून फिरवून खुणा उठवलेल्या आहेत. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात लहुरादेवा आणि कोल्डिहवा इथं दोरीच्या छापाची खापरं मिळाली. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या भांड्यांच्या बुडाला चटईची वीण उमटलेली आहे, कारण भांडं चटईवर ठेवून घडवलं जायचं. ती नक्षी ठरवून केलेली असेलच असं नाही. घरात जे अंथरलेलं होतं त्याची खूण मातीनं घेतली. महाराष्ट्रात शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन जाड भांड्यांना मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटांच्या टोकांनी ओळीनं ठसे दाबलेले दिसतात. बोटाइतका लवचीक छाप दुसरा कुठला?

कुंभाराच्या थापटण्याचंही तेच. आतून गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं मडकं ठोकत वाढवायचं, ही आपली जुनी रीत. थापटण्याला दोरी गुंडाळली की प्रत्येक ठोक्याला पिळाची खूण उठते. ती शोभेला बरी दिसते, आणि ओलं मडकं हातातून निसटू नये म्हणूनही तिचा उपयोग होतो. थापटणं म्हटलं की मराठी माणसाला गोरोबाकाका आठवतात. जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक ठोका मारून मडकी पक्की की कच्ची हे त्यांनी पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती कथा लहानपणी कुणी ऐकली नाही?

गोरोबाकाकांचं गाव तेर. सोलापूरहून तुळजापूर आणि धाराशिव ओलांडून गेलं की तेरणाकाठी हे गाव लागतं. मातीवरच्या छापांबद्दल ज्याला कुतूहल आहे त्यानं महाराष्ट्रात एकच जागा पाहायची ठरवली तर मी तेरला जायला सांगेन. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या तगर नगराचा व्यापारपेठ म्हणून उल्लेख आहे ते हेच, असं जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिलं. पुढं बा. ना. चापेकरांनी इथं 1958 च्या सुमारास उत्खनन केलं. पण त्याच्या आधीपासून गावातले रामलिंगप्पा लामतुरे हे गृहस्थ शेतात, ओढ्यात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू गोळा करत होते. त्यांचा संग्रह आज सरकारी वस्तुसंग्रहालय म्हणून त्यांच्याच नावानं उभा आहे. पदवी नाही, हुद्दा नाही, नुसती नजर आणि चिकाटी. आपल्याकडच्या संग्रहालयांचा इतिहास लिहायचा झाला तर अशा माणसांपासून सुरू करावा लागेल.

तिथल्या कपाटातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती बघताना नाकाला काच लागेल इतकं जवळ जावं. पांढऱ्या, अगदी बारीक पोताच्या केओलिन मातीचे स्त्रियांचे मुखवटे आणि मूर्ती, आतून पोकळ. पुढचा आणि मागचा अशा दोन साच्यांत माती दाबायची, दोन्ही अर्धुकं जोडायची आणि भाजायची. केसांची रचना, बिंदी, कर्णभूषणं, गळ्यातल्या माळेचा मणी न मणी, सगळं साच्यातून उठलेलं. साचाही भाजलेल्या मातीचाच, म्हणजे टणक. मग इतकी नाजूक नक्षी त्यातून न मोडता बाहेर कशी यायची? याची दोन उत्तरं आहेत. कोरडा भाजलेला साचा ओल्या मातीतलं पाणी पितो, माती आकसते आणि आपणहून साच्यापासून सुटते. दुसरं उत्तर मूर्तीच्या चेहऱ्यावरच वाचता येतं. कर्णफुलं गालाला चिकटलेली, वेण्या डोक्याला बसलेल्या, काहीही हवेत मोकळं लोंबत नाही. आत वळलेला खळगा नक्षीत येऊच द्यायचा नाही, हा त्या कारागिराचा नियम असणार. साच्याची सक्ती त्यानं अशी सौंदर्यात मुरवली की ती सक्ती आहे हे आपल्याला कळतही नाही.

साच्यावरून मूर्ती आणि मूर्तीवरून पुन्हा साचा केला की दर पिढीला वस्तू थोडी लहान होत जाते, कारण माती वाळताना आणि भाजताना मिळून सहज दहा टक्क्यांच्या आसपास आकसते. आजही घरच्या घरी भाजक्या मातीचे ठसे करणाऱ्यांना हा हिशेब आधी करावा लागतो. उठायला हवी त्याहून नक्षी थोडी मोठी कोरायची. दिवाळीच्या किल्ल्यावर जी मातीची चित्रं मांडतात, मावळे, तोफ, सिंहासनावरचे महाराज, तीही बहुतेक दोन भागांच्या साच्यातलीच. एखाद्या मावळ्याच्या कानामागून हात फिरवला तर जोडाची रेघ लागेल. तेरची युक्ती अजून रस्त्यावरच्या टोपलीत विकायला आहे.

टणक साचा सोडून मऊ साच्याकडं मराठी कारागीर आला तो गणपतीच्या निमित्तानं. सोंड, चार हात, मांडीखालची पोकळी, असा खळग्यांनी भरलेला दुसरा आकार शोधून सापडणार नाही. प्लॅस्टरचा साचा वापरायचा तर तो अनेक तुकड्यांत करावा लागतो आणि प्रत्येक तुकड्याचा जोड मूर्तीवर उमटतो, तो घासत बसावा लागतो. मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे एकावर एक हात देऊन केलेला साचा मात्र हातमोज्यासारखा उलटा सोलून निघतो. बाहेरून त्याला कडक कवच दिलं की काम झालं. कारखान्यांत रबरी साचे आले आणि एकाच गणपतीची नक्कल शेकड्यांनी निघू लागली.

इथं एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. रबरी साचा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस यांची जोडी जमली ती नुसत्या स्वस्ताईमुळे नाही. प्लॅस्टर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन थोड्या मिनिटांत आपलं आपण घट्ट होतं, त्याला साच्यानं पाणी शोषून घ्यायची गरज नसते. शाडूचं तसं नाही. पाणी निघून गेल्याशिवाय ती उभी राहत नाही, आणि रबर थेंबभर पाणी पीत नाही. रबरी साच्यातली शाडू ओलीच राहते, चिकटते, काढताना मान टाकते. शाडूला पाणी पिणारा प्लॅस्टरचा साचाच मानवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं आली, मुंबई उच्च न्यायालयात पीओपी मूर्तींचा वाद रंगला आणि जून 2025 मध्ये मूर्ती घडवायला मोकळीक, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही अशी वाट निघाली. या सगळ्या चर्चेत माती बदला असं सगळे सांगत होते. साचाही बदलावा लागतो, त्याला पैसे आणि वेळ लागतो, हे कारागिराखेरीज कुणाच्या ध्यानात नव्हतं. पर्यावरणाचं धोरण ठरवणाऱ्यानं एकदा तरी शाडू दाबून बघावी.

आता पुन्हा सोलापूरकडं. घरात जुना टॉवेल होता, तो मी मातीच्या पोळीवर पसरला आणि लाटणं फिरवलं. टर्कीश टॉवेलच्या विणीत उभे धागे दोन प्रकारचे असतात. एक ताठ, तो कापड धरून ठेवतो. दुसरा सैल सोडलेला, त्याचे फुगे वर येतात. मातीवर त्या फुग्यांचे बारीक खड्डे उठले, ओळीनं, पण यंत्रासारखे तंतोतंत नाहीत, कारण प्रत्येक फुगा वेगळ्या बाजूला कललेला. काठाची सपाट विणीची पट्टी मात्र गुळगुळीत, फक्त आडव्या रेघांची. खरखरीत मैदान आणि मध्ये शांत पट्टा. विकतच्या कुठल्याही छापानं मला असा पोत दिलेला नाही. कोरडं कापड मातीच्या पृष्ठभागावरचं पाणी टिपून घेतं, त्यामुळे ते सुटतंही छान. दोन-चार तंतू मातीत राहतात, पण ते भट्टीत जळून जातात.

मग चादर. अपेक्षा मोठी होती आणि निकाल फसवा. चादरीवरचा मोर मातीवर उठलाच नाही. विचार केला तर साधं आहे. जेकार्ड मागावरचा मोर रंगाचा असतो, उंचीचा नसतो. लाल सूत वर आणि पांढरं खाली, दुसऱ्या बाजूनं उलटं. माती रंगांधळी. तिला फक्त उंच-सखल कळतं. चादरीतून तिला मिळाली ती जाड सुताची भरड वीण. ती काही कमी देखणी नाही, पण मोर गेला तो गेलाच. ज्या टॉवेल-नॅपकिनांत नक्षी फुगे आणि सपाट वीण यांच्या फरकातून काढलेली असते त्यांची नक्षी मात्र जशीच्या तशी उठते. नक्षी बोटांना लागत असेल तर ती मातीला लागणार. घेताना डोळे मिटून हात फिरवावा.

मोर सोडवत नव्हता, म्हणून पूर्व भागातल्या एका ओळखीच्या कारखानदाराकडं जेकार्डची जुनी कार्डं मागायला गेलो. “कार्डं कशाला पाहिजेत बे? रद्दीवाला पण नीट भाव देईना,” असं म्हणत त्यानं दोरीनं ओवलेला एक गठ्ठा काढून दिला. पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या, प्रत्येकीवर भोकं, एकीला एक ओवून केलेली लांबच लांब साखळी. आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक कार्ड. भोक असलं तर धागा उचलायचा, नसलं तर नाही, एवढीच भाषा. चादरीवर दिसणारा मोर मुळात या भोकांत असतो. कार्डांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड येत चालले आहेत आणि असे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत.

पुठ्ठ्याला दोन हात लाखेचे दिले, म्हणजे ओल धरत नाही, आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावून मातीवर लाटल्या. भोकांतून माती वर आली. टपोरे, एकसारखे दाणे, ओळींत, कुठं दाट, कुठं विरळ. ओवलेली असल्यामुळे साखळी गोल कुंडीभोवतीही गुंडाळता आली. मोर यातही दिसला नाही, पण मोराची जी लिहिलेली आज्ञा आहे ती मातीवर अक्षरशः उमटली. माझ्या मते सोलापूरला स्वतःचा म्हणून एक मातीचा पोत हवा असेल तर तो हाच आहे. दुसऱ्या कुठल्या गावाला तो सहजासहजी जमणारही नाही. ज्यांना टिकाऊ छाप हवा त्यांनी हा मातीचा तुकडा भाजून घ्यावा, वरून दोन भागांचं सिलिकॉन ओतावं आणि दुसऱ्या दिवशी सोलून काढावं. कार्डाचीच नक्षी सिलिकॉनवर येते. ती कितीही वेळा वापरा. कापडावर थेट सिलिकॉन ओतायचा मोह आवरावा, ते धाग्यांत शिरून कायमचं बसतं.

मागावरची फणीही अशीच. तुटकी फणी मातीवरून ओढली की समांतर रेघा पडतात, सरळ ओढली तर पाऊस, वळवत ओढली तर पाणी. याहून जास्त काही त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

मागणं एवढंच आहे. सोलापुरातल्या ज्या कारखान्यांत जेकार्डची जुनी कार्डं, मोडक्या फण्या, टॉवेलच्या काठांचे तुकडे पडून आहेत त्यांनी ते रद्दीत किंवा बंबात घालू नयेत. शेजारच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाईंना किंवा कुंभार गल्लीत नेऊन द्यावेत. कुंभारांनी या दिवाळीनंतर संक्रांतीच्या सुगडांची माती मळायला घेतली की निदान एका खेपेला सुगडाच्या गळ्याभोवती टॉवेलचा काठ गुंडाळून दाबून बघावा. खर्च काही नाही, वेळ अर्ध्या मिनिटाचा. आणि गिऱ्हाइकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, तसं सुगड दिसलं तर दोन रुपये जास्त मोजून तेच घ्यावं, घासाघीस करू नये.